माझदाच्या छोट्या पिकअपमध्ये रोटरी इंजिन बसवणं: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

इथली उत्तरं अमेरिकेत मिळणाऱ्या माझदा बी२०००/बी२२०० (१९८६ ते १९९३) या पिकअपला धरून आहेत. त्यात बसवायचं इंजिन माझदाच्याच आरएक्स-७ गाडीतलं १३बी हे रोटरी आहे. रोटरी म्हणजे पिस्टनऐवजी तिकोनी रोटर फिरून चालणारं इंजिन. माझदानेच बनवलेल्या जुन्या फोर्ड कुरियरला आणि बी१६००ला यातलं बरंचसं लागू पडतं, मापं मात्र स्वतः घ्यावी लागतील.

पिकअपमध्ये रोटरी इंजिन? असं मुळात कुणी केलं होतं का?

खुद्द कंपनीने केलं होतं. १९७४ ते १९७७ या मॉडेल-वर्षांत माझदाने कारखान्यातूनच १३बी इंजिनाचा पिकअप विकला, तोही फक्त अमेरिका आणि कॅनडात. सुमारे १५,००० गाड्या बनल्या. १९७३च्या तेलटंचाईनंतर पेट्रोल पिणाऱ्या गाडीला गिऱ्हाईक राहिलं नाही आणि तो बंद पडला. आज तो चांगल्या अवस्थेत मिळणं अवघड आहे. म्हणून लोक त्याच घराण्यातला साधा पिकअप घेऊन त्यात रोटरी बसवतात.

बी२२०० मधलं मूळ इंजिन काढण्यात खरंच फायदा आहे का?

मूळ २.२ लिटरचं कार्ब्युरेटरवालं इंजिन ८५ अश्वशक्तीचं. १९८९ ते ९१च्या आरएक्स-७ मधलं बिनटर्बो १३बी ७,००० आरपीएमला (मिनिटाला फेरे) १६० अश्वशक्ती देतं, म्हणजे जवळपास दुप्पट. टॉर्कमधला फरक मात्र बेताचा आहे आणि तो वरच्या आरपीएमला मिळतो. रोज हौद्यात विटा-वाळू भरून चढ चढायचे असतील तर हा बदल करू नये. रिकामा पिकअप हलका, चपळ आणि ८,००० पर्यंत गुळगुळीत फिरणारा हवा असेल तर याच्यासारखं दुसरं इंजिन नाही.

कोणतं इंजिन घ्यावं?

१२ए (१९७९ ते ८५ची आरएक्स-७): १,१४६ सीसी, अमेरिकेत १०० अश्वशक्ती. कार्ब्युरेटर, डिस्ट्रिब्युटर, मोजक्या वायरी. पहिल्यांदाच हात घालणाऱ्यासाठी सर्वांत सोपं.

१३बी, बिनटर्बो (१९८६ ते ९१): १,३०८ सीसी, सहा इनटेक पोर्ट. १९८६ ते ८८चं १४६ अश्वशक्तीचं, त्यानंतरचं १६०चं. पिकअपसाठी आमची पहिली पसंती हीच.

१३बी टर्बो (१९८७ ते ९१): १८२, नंतर २००. इंजिन उत्तमच, पण गिअरबॉक्स वेगळा, इंटरकूलर लागतो, उष्णता कितीतरी जास्त, आणि मिश्रण जरा पातळ झालं (पेट्रोल कमी, हवा जास्त) की एपेक्स सील, म्हणजे रोटरच्या टोकावरची पट्टी, तुटते. बिनटर्बो पिकअप वर्षभर बिनतक्रार चालवून मग याकडे वळा.

आरएक्स-८ मधलं रेनेसिस स्वस्तात मिळतं, पण त्याचे एक्झॉस्ट पोर्ट बाजूच्या हाउसिंगमध्ये (रोटरभोवतीच्या कवचाच्या बाजूच्या भागात) आहेत आणि इलेक्ट्रॉनिक्सचं जाळं मोठं आहे. या पिकअपसाठी त्याची शिफारस आम्ही करत नाही.

भंगारातून किंवा जुन्या गाडीतून इंजिन घेताना काय तपासायचं?

साधा कॉम्प्रेशन गेज इथे फसवतो. रोटरच्या तीन बाजू म्हणजे तीन वेगळ्या चेंबर, आणि गेज त्यांतला फक्त सर्वांत मोठा आकडा धरून ठेवतो. म्हणून गेजच्या टोकाचा व्हॉल्व्ह काढा, खालचा स्पार्क प्लग काढून त्या जागी गेज लावा, इंधन आणि स्पार्क बंद करा, थ्रॉटल पूर्ण उघडा आणि सेल्फ मारा. सुई उड्या मारेल. कान द्या: निरोगी रोटर फस्-फस्-फस् असे तीन सारखे श्वास सोडतो. दोन जोरात आणि एक पोकळ असं ऐकू आलं तर त्या बाजूची साइड सील किंवा कोपऱ्यावरची सील अडकली आहे किंवा झिजली आहे. एक जोरात आणि लागोपाठ दोन पोकळ आले तर एपेक्स सील गेली, कारण एक एपेक्स सील शेजारच्या दोन चेंबरची भिंत असते.

आकडा हवा असेल तर रोटरीसाठीचा खास टेस्टर लागतो. २५० आरपीएमला ८५ पीएसआय (दाबाचं एकक) ही कारखान्याची किमान मर्यादा, आणि चेंबरा-चेंबरांत २१ पीएसआयपेक्षा जास्त फरक नको. १००च्या वर असेल तर निर्धास्त घ्या.

दुसरी तपासणी कूलंट सीलची. रेडिएटरचं झाकण उघडून इंजिन चालू ठेवा. गरम होत असताना सतत बुडबुडे येत राहिले, किंवा रात्रभर उभं राहून सकाळी सुरू होताना एक रोटर सुरुवातीला पेटत नाही आणि पांढरा धूर येतो, तर आतली कूलंट सील गेली आहे. अशा इंजिनाला पूर्ण उघडावंच लागतं. ‘लीक बंद करणारं’ कोणतंही औषध घालून ते वाचत नाही.

फ्लायव्हील कोणतंही चालेल का?

नाही, आणि ही चूक महागात पडते. रोटरीचं संतुलन पुढच्या आणि मागच्या काउंटरवेटवर (तोल सांभाळणाऱ्या वजनांवर) असतं. मॅन्युअल गाडीत मागचं वजन फ्लायव्हीलमध्येच असतं. ऑटोमॅटिकमध्ये ते सुटं असतं आणि बाजारातलं हलकं फ्लायव्हील त्यावर बोल्टने बसतं. १९८६ला आणि पुन्हा १९८९ला रोटरचं वजन कमी झालं, त्यामुळे काउंटरवेट रोटरच्या सालाचंच हवं. चुकीची जोडी बसवली तर साधारण ४,०००च्या पुढे गाडी थरथरते, आणि कारण लक्षात न आल्याने लोक माउंट बदलत बसतात.

फ्लायव्हीलचा एकच मोठा नट असतो, ५४ मिमीचा. त्याला ३९० ते ४९० न्यूटन-मीटर टॉर्क आणि आट्यांवर थ्रेड लॉकर लागतो. गिअरबॉक्स जोडण्याआधी शाफ्टच्या टोकाचं पायलट बेअरिंग आणि त्याची सील नवी घाला.

पुढचा पुली-बोल्ट उघडताना सगळे घाबरवतात, त्यात काय एवढं?

घाबरायलाच हवं. पुढच्या कव्हरच्या आत सुयांचं थ्रस्ट बेअरिंग असतं आणि त्याला जागेवर धरणारा हाच एक बोल्ट. इंजिन आडवं असताना तो सैल केला आणि शाफ्ट मागे-पुढे सरकला, तर बेअरिंग जागेवरून घसरून खाली लटकतं. बाहेरून काहीच दिसत नाही. बोल्ट आवळला की ते चिरडतं आणि लोखंडाचा चुरा तेलात जातो.

इंजिन बाहेर असताना ते फ्लायव्हीलच्या बाजूवर, नाक वर करून उभं करा आणि मगच बोल्टला पाना लावा. आवळून झाल्यावर डायल गेजने शाफ्टचं एंड-प्ले (शाफ्ट किती मागे-पुढे सरकतो ते) मोजा: ०.०४ ते ०.०७ मिमी, फार तर ०.०९. शून्य आलं तर बेअरिंग अडकलं आहे. पुन्हा उघडा.

इंजिन नेमकं कुठे बसतं? क्रॉसमेंबर कापावा लागतो का?

लांबीचा प्रश्न येत नाही. दोन रोटरचं इंजिन इतकं आखूड असतं की रेडिएटरसमोर हातभर जागा उरते. अडचण खालून येते: ऑइल चेंबर (इंजिनाच्या तळाचं तेलाचं भांडं) आणि क्रॉसमेंबर (चॅसीचा आडवा तुळई-पट्टा). १९७९ ते ८५च्या इंजिनात माउंट पुढच्या कव्हरवर असतात, १९८६ पासूनच्या इंजिनात बाजूला. मोजून बघा आणि जो प्रकार क्रॉसमेंबरला सोयीचा तो निवडा. जुनं कव्हर आणि त्याचं चेंबर नव्या १३बीवर बसवण्याची पद्धत रुळलेली आहे. मीटरिंग पंपाचा (सीलना वंगणाचं तेल सोडणाऱ्या पंपाचा) प्रकार मात्र आधी जुळवा.

कव्हर उघडलंच तर त्यामागची तेलाच्या वाटेवरची छोटी ओ-रिंग बदला. ती दबून फाटली की गरम इंजिनाचा ऑइल प्रेशर पडतो आणि माणूस उगाच बेअरिंगवर संशय घेतो.

क्रॉसमेंबर सहसा कापू नका. पुढचं सस्पेन्शन त्यावर उभं आहे. इंजिन थोडं मागे न्या. वजन मागे गेलं की रिकाम्या पिकअपच्या मागच्या चाकांना पकडही थोडी जास्त मिळते. माउंटची पाटी ६ मिमीच्या पोलादाची करा. आधी नुसते टाके द्या, मग गिअरबॉक्स, शाफ्ट, स्टीअरिंग आणि बोनेट सगळं लावून तपासा. पक्कं वेल्डिंग शेवटी, आणि तेही बॅटरी सोडवून. रबरी माउंटच वापरा.

एक सोयीची गोष्ट: रोटरीचे इनटेक आणि एक्झॉस्ट दोन्ही गाडीच्या उजव्या बाजूला असतात, प्लग डाव्या बाजूला. अमेरिकन पिकअपचं स्टीअरिंग डावीकडे, म्हणजे स्टीअरिंग बॉक्स तापत नाही.

पिकअपचाच गिअरबॉक्स ठेवता येतो का?

आरएक्स-७ चा गिअरबॉक्स इंजिनासोबतच घ्या. अडॅप्टर पाटी बनवून पिकअपचा गिअरबॉक्स जोडण्यात पैसे जास्त जातात. क्लच दोन्हीकडे हायड्रॉलिक, त्यामुळे फक्त नळी जुळवायची. लिव्हरची जागा वेगळी पडते, तेव्हा कॅबच्या फरशीतलं भोक वाढवायची तयारी ठेवा. गिअरबॉक्सचा मागचा आधार नवा बनवावा लागतो.

प्रोपेलर शाफ्टसाठी पुढचा योक (गिअरबॉक्समध्ये शिरणारं टोक) आरएक्स-७ चा आणि मागची बाजू पिकअपची ठेवून शाफ्ट बनवणाऱ्याकडून जोडून आणि बॅलन्स करून घ्या. माप घेताना गाडी चाकांवर, स्वतःच्या वजनाने उभी हवी, जॅकवर नाही. योक पूर्ण आत गेल्यावर जिथे टेकतो तिथून २५ मिमी बाहेर ठेवा. गिअरबॉक्सचा आणि डिफरन्शिअलचा कोन एकमेकांशी समांतर, एका अंशाच्या आत हवा. नाहीतर महामार्गावर घुमणारा आवाज येतो आणि शाफ्टच्या सांध्यातले क्रॉस लवकर खडखडतात.

सगळे म्हणतात रोटरी गरम होते. नेमकं काय करायचं?

सगळ्यात जास्त वेळ आणि पैसा इथेच घालावा. इंजिन बसवलं, पहिल्या उन्हाळ्यात मेलं, अशी जी उदाहरणं दिसतात त्यांतल्या बहुतेकांत कूलिंग कमी पडलेलं असतं. कारण रचनेतच आहे. स्फोट नेहमी एकाच बाजूला, प्लगच्या बाजूला होतो आणि समोरची बाजू थंड मिश्रणाने धुतली जाते. रोटरभोवतीची हाउसिंग अॅल्युमिनियमची, तिच्या दोन्ही बाजूंच्या पाट्या ओतीव लोखंडाच्या. दोन्ही सारख्या फुगत नाहीत. एकदा अतिगरम झालं की मधल्या सील दबतात आणि पुन्हा पहिल्यासारख्या होत नाहीत.

पिकअपचा मूळ रेडिएटर विसरा. किमान दोन ओळींचा, जाड नळ्यांचा अॅल्युमिनियम रेडिएटर घ्या, आणि त्यामागे पूर्ण झाकणारं पत्र्याचं श्राउड लावा. श्राउडशिवाय विजेचा पंखा फक्त आपल्याएवढ्या गोलातून हवा ओढतो. रेडिएटरच्या कडांच्या फटी फोमने बुजवा, नाहीतर हवा सोपी वाट शोधून बाजूने निघून जाते.

ऑइल कूलर ऐच्छिक नाही. रोटर आतून तेलाने थंड होतात आणि इंजिनाच्या उष्णतेचा मोठा वाटा तेलच बाहेर नेतं. आरएक्स-७ चा मूळ कूलर बंपरमागे, थेट हवेत बसवा आणि एएन-१० मापाच्या जाड नळ्या वापरा. बारीक नळीने प्रेशर पडतो. नळी जिथे पत्र्याला घासेल तिथे रबरी कडं घाला.

थर्मोस्टॅट काढून टाकू नका. माझदाच्या थर्मोस्टॅटला खाली एक चकती असते आणि ती गरम झाल्यावर बायपासची वाट बंद करते. थर्मोस्टॅट नसेल किंवा चकती नसलेला दुसराच लावला, तर पाण्याचा एक भाग रेडिएटरला न शिवता फिरत राहतो आणि गाडी जास्तच तापते.

कूलंट भरताना गाडीचं नाक वर करा, म्हणजे अडकलेली हवा बाहेर येईल. हवेचा एक बुडबुडासुद्धा प्लगजवळच्या जागी अडकला तर तिथली हाउसिंग तडकू शकते. मीटर आकडे दाखवणारा बसवा, कारण मूळ काटा मध्येच उभा राहतो आणि हलतो तेव्हा उशीर झालेला असतो. ८२ ते ९३ अंश सेल्सिअस ठीक. १०४ला पोचली की गाडी बाजूला घ्या. ‘घर दोन मैलांवर आहे’ म्हणून चालवू नका.

साधा सायलेन्सर चालेल?

सहसा नाही. पोर्टवर व्हॉल्व्ह नसल्याने जळता वायू थेट बाहेर पडतो, जोराने चालवताना ९०० अंश सेल्सिअसच्या आसपास. पातळ साधा पाइप काही महिन्यांत जळतो आणि फायबरग्लास भरलेल्या सायलेन्सरचं पोट रिकामं होतं. ३०४ स्टेनलेसचा जाड हेडर, त्यापुढे अडीच ते तीन इंची पाइप आणि रोटरीसाठी बनवलेला सायलेन्सर घ्या. पाइप एका बाजूला आणि पेट्रोल टाकी, ब्रेकच्या नळ्या, हौद्याची फळी दुसऱ्या बाजूला, यांच्यामध्ये उष्णतारोधक पत्रा लावा. वाळलेल्या गवतावर गाडी उभी करू नका.

कार्ब्युरेटर की इंजेक्शन?

वायरिंगची सवय असेल तर मूळ इंजेक्शन ठेवा. गाडी सकाळी नीट सुरू होते आणि पेट्रोल कमी पिते. त्यासाठी इंजिनासोबत कॉम्प्युटर, एअर-फ्लो मीटर आणि पूर्ण हार्नेस (वायरींचा जुडगा) एकाच गाडीचा घ्या. १९८६ ते ८८ आणि १९८९ ते ९१ यांची सरमिसळ करू नका.

सहा पोर्टच्या इंजिनात दोन जादा पोर्ट वरच्या आरपीएमला उघडतात. १९८६ ते ८८च्या इंजिनात त्यांना उघडणारी ताकद एक्झॉस्टच्या मागे साचलेल्या दाबातून येते. मोकळा सायलेन्सर लावला की दाबच उरत नाही, पोर्ट बंद राहतात, आणि ४,०००च्या आसपास इंजिन ढेपाळतं. लोक कार्ब्युरेटर, प्लग, पंप सगळं बदलून थकतात. उपाय: छोट्या विजेच्या हवेच्या पंपाने ते उघडणं, किंवा उघडेच बांधून टाकणं. बांधले तर खालचा टॉर्क थोडा जातो.

कार्ब्युरेटर लावायचा तर वेबर किंवा चार बॅरलचा हॉली, रोटरीच्या मॅनिफोल्डवर.

पिकअपचा मूळ पेट्रोल पंप का चालत नाही?

इंजिनावरच्या यांत्रिक पंपाला कॅमशाफ्ट लागतो. रोटरीत कॅमशाफ्टच नाही. टाकीजवळ विजेचा पंप बसवा: कार्ब्युरेटरला ३ ते ५ पीएसआय, इंजेक्शनला ४०च्या आसपास. पंपाची वीज रिलेमधून आणि ऑइल प्रेशर स्विचमधून न्या, म्हणजे अपघातात इंजिन बंद पडलं तर पंपही थांबेल.

प्लग आणि टायमिंग?

प्रत्येक रोटरला दोन प्लग: खालचा लीडिंग, वरचा ट्रेलिंग. १९८६ नंतरच्या इंजिनात खाली एनजीके बीयूआर७ईक्यू आणि वर बीयूआर९ईक्यू. इतर कुठला लांब नाकाचा प्लग घालू नका, तो एपेक्स सीलला लागू शकतो. पुलीवर पिवळी खूण लीडिंगची, ५ अंश टीडीसीनंतर (टीडीसी म्हणजे चेंबर सर्वांत लहान होण्याची जागा). लाल खूण ट्रेलिंगची, २० अंश नंतर. वायरी अदलाबदल झाल्या तर इंजिन चालतं, पण सायलेन्सर लालभडक होतो.

मूळ चार सिलिंडरचा टॅकोमीटर लीडिंगवरून जोडला तर बरोबर आकडा दाखवतो, कारण दोन्ही इंजिनं शाफ्टच्या एका फेऱ्याला दोन ठिणग्या देतात.

रोटरी तेल खाते हे खरं का?

खरं, आणि ते खायलाच हवं. मीटरिंग पंप एपेक्स सीलना वंगण म्हणून थोडं थोडं तेल आत सोडतो. दर पेट्रोलपंपावर डिपस्टिक बघा. तेल दर ३,००० मैलांना बदला.

१९८९ नंतरचा मीटरिंग पंप विजेवर, कॉम्प्युटरच्या हुकमाने चालतो. कार्ब्युरेटर लावला की तो मुका होतो. तो काढलात तर पेट्रोलमध्येच टू-स्ट्रोक तेल मिसळा: एका गॅलनला, म्हणजे ३.८ लिटरला, ३० मिलि. एकदाही विसरून चालत नाही. पंप चालू असेल तर निम्मं पुरे.

पहिल्यांदा सुरू करताना?

इंधन आणि स्पार्क तोडून सेल्फ मारा, ऑइल प्रेशर ३० पीएसआय दिसेपर्यंत, १० सेकंदांच्या हप्त्यांनी. मगच स्पार्क जोडा. गरम इंजिनाला ३,००० आरपीएमला साधारण ६५ ते ७५ पीएसआय हवा. नवीन बांधलेलं इंजिन असेल तर पहिले ५०० मैल ४,०००च्या आत, पण एकाच वेगावर रेंगाळत ठेवू नका.

सुरू करून दोन हात पुढे घेतली, बंद केली, आता सुरूच होत नाही!

फ्लड झालीय, म्हणजे आत पेट्रोल साचलंय. कच्चं पेट्रोल सीलवरचं तेल धुऊन टाकतं, कॉम्प्रेशन जातं, आणि जितका सेल्फ माराल तितकं वाढतं. पेट्रोल बंद करा, खालचे प्लग काढा, १० सेकंद सेल्फ मारून आतलं पेट्रोल बाहेर उडू द्या (जवळ ठिणगी नको). प्रत्येक रोटरमध्ये प्लगच्या भोकातून ५ ते १० मिलि तेल घाला, शाफ्ट हाताने फिरवा, कोरडे प्लग लावा आणि सुरू करा. धुराचा लोट येईल, येऊ द्या. डॅशखाली पेट्रोल पंप बंद करणारं एक बटण लावून ठेवा. आणि थंड इंजिन कधीच बंद करू नका: हलवायची असेल तर गरम होईपर्यंत चालू ठेवा.

मायलेज?

कार्ब्युरेटरवर गॅलनला १५ ते १८ मैल, म्हणजे लिटरला साधारण साडेसहा ते साडेसात किलोमीटर. बिनटर्बो इंजिनाला साधं ८७ ऑक्टेन पुरतं.

कायद्याचं काय?

कॅलिफोर्नियात १९७५ पर्यंतच्या गाड्यांना धूर-तपासणी माफ आहे. त्यानंतरच्या गाडीत इंजिन बदलायचं तर ते गाडीच्याच सालाचं किंवा नवं हवं, प्रदूषण नियंत्रणाचा सगळा संच सोबत हवा आणि सरकारी रेफरीने पास करायला हवं. इतर राज्यांचे नियम वेगळे. हात घालण्याआधी विचारून घ्या.

महाराष्ट्रातून विचारणाऱ्यांसाठी: मोटार वाहन कायदा १९८८च्या कलम ५२ नुसार, नोंदणीपत्रात लिहिलेल्या कंपनीच्या मूळ तपशिलापासून गाडी वेगळी होईल असा बदल मालकाला करता येत नाही. आपल्याकडची स्वराज माझदा नावाने ओळखीची, पण ती डिझेलची मालवाहू गाडी. रस्त्यावर चालवायच्या गाडीत इथे हा प्रयोग करू नये.

काढलेलं जुनं इंजिन लगेच विकून टाकू का?

थांबा. अॅक्सिलरेटर केबलचा कंस, टेंपरेचर सेंडर, हार्नेसचे प्लग, ब्रेक बूस्टरची व्हॅक्यूम नळी आणि तिच्यातला एकमार्गी व्हॉल्व्ह, क्लचच्या नळीचा सांधा, हे सगळं त्याच इंजिनाभोवती आहे आणि शेवटच्या आठवड्यात एकेक आठवत जातं. गाडी स्वतःच्या चाकांवर रस्त्यावर जाऊन परत येईपर्यंत ते कोपऱ्यात, तेल लावून, झाकून ठेवा.